मरीआईच्या गाड्याचा मान

२ मार्च १९५४, मंगळवार
बुळकांडीच्या साथीने गावातील अकरा जनावरे आजपावेतो दगावली. पटवारी म्हणतात, "सात-आठ असतील." असतील! मी घरोघर जाऊन मोजली. चौथी जमात उत्तीर्ण झालेला मनुष्य 'असतील' म्हणत नाही.

सायंकाळी मरीआईचा गाडा काढला. रीतीप्रमाणे बाईची मूर्ती त्यात बसवून, रोगासह शेजारच्या शिवेवर पोहोचवली. पुढे त्या गावाने आपल्या पलीकडच्या शिवेवर न्यावी. गाडा ओढण्याचा मान तीन पिढ्या आमच्याच बैलांचा आहे. पोवळ्या आणि चांद्या राजासारखे चालले. शिवेवरच्या हौदावर त्यांना पाणी पाजले. खालच्या वाडीचे बैलही तेथेच प्याले.

४ मार्च
सोयगावहून गुरांचे सरकारी डॉक्टर, निजामुद्दीन सलोतरी, जनावरांना लस टोचण्यासाठी आले. म्हणाले, "जनावरं बांधून ठेवा. शीव ओलांडू देऊ नका."
मी म्हणालो, "रोग गाड्यातून गेलेला आहे."
"बीमारी को पावां नै रहते, काकासाहेब. बैलां को रहते!"
आपले शिक्षण किती, असे मी विचारले. "हैदराबादला तीन साल," म्हणाले. माझे त्यांनी विचारले नाही. मीही सांगितले नाही.
मात्र गाड्याने रोग जातो हे आकड्यांनिशी सिद्ध करून दाखवीन, असा शब्द दिला. तोवर माझ्या बैलांना सुई नाही!

७ मार्च
पाच दिवसांत गावात एकही मृत्यू नाही! आमच्या सौभाग्यवती द्वारकाबाईंना तसे सांगितले.
भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मंग खालच्या वाडीत चार कशानं मेली?"
तो खालच्या वाडीचा प्रश्न आहे, असे मी स्पष्ट केले.
"लई हुशार हाय तुमची मरीआई. शीव वळखती!"

१० मार्च
खालच्या वाडीने गाडा वरच्या वाडीच्या शिवेवर नेऊन ठेवला. आपल्या गावात मात्र पुन्हा दोन म्हशी गेल्या. आकड्यांत असा किरकोळ अडथळा येतो.

१३ मार्च
अत्यंत बेजबाबदार कृत्य! वरच्या वाडीने गाडा पलीकडच्या वाटेने आणून आमच्याच शिवेवर सोडला! तेथील बद्रीनाथ पाटलांना लेखी हरकत धाडली: 'सदर गाडा आपण विनाविलंब परत न्यावा.' लेखी उत्तर नाही. तोंडी निरोप आला — "काकासाहेब, बाई तुमच्याच गावची. माहेराला आली. ओटी भरा!"
सारे गाव हसले. द्वारकाबाई सर्वांत मोठ्याने.

१४ मार्च
सलोतऱ्यांसाठी तक्ता तयार केला. आपले गाव सोळा (या चार दिवसांतली तीन धरून), खालची वाडी नऊ, वरची वाडी सहा. एकूण एकतीस.
तारखा शेजारी मांडल्या. गाडा ज्या वाडीच्या शिवेवर गेला, तेथे त्याआधी एकही जनावर आजारी नव्हते. गाडा गेला, बैल एका हौदावर प्याले, आणि आठवड्याच्या आत गुरे आडवी झाली.
बेरीज तीनदा तपासली. चूक नाही. चूक असती तर बरे झाले असते.
तक्ता पोथीखाली ठेवला.

१६ मार्च, मंगळवार
गाडा पुन्हा काढायचा म्हणून मंडळी दारात जमली. शेजारचा बन्सी ओरडत होता — "काकासाहेब, जुंपा! का आता मान आमच्या बैलाला देता?"
गोठ्यात गेलो. पोवळ्याच्या तोंडातून लाळ गळत होती. कडब्याला तोंड लावीना.
द्वारकाबाईंनी पोथीखालचा कागद आणून हातात दिला. त्यांना अक्षर वाचता येत नाही. "दोन रोज झाले, तुम्ही पोथी उघडली नाय," एवढेच म्हणाल्या.
बाहेर आलो. तक्ता सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. बन्सी म्हणाला, "म्हंजी रोग आपणच वाटला व्हय?"
'असेल' म्हणता आले असते. "होय," म्हणालो.

१७ मार्च
पोवळ्या पहाटे गेला. बत्तीस.
सलोतरी आले. टोचून घेण्यात पहिला मान चांद्याचा. मूर्ती द्वारकाबाईंनी देवघरात ठेवून ओटी भरली. सुया उकळायला सरपण हवे होते. गाड्याचा मान आमच्या घराचा, म्हणून त्यावर कुऱ्हाड मीच घातली.
पाण्याला लवकर उकळी आली. लाकूड तीन पिढ्या वाळलेले होते.