हरण्याची वाकडी शेपटी

१६ ऑगस्ट, शनिवार
सकाळी दोन पानं. मैत्रिणींच्या लेखनगटावर टाकलं : ‘आज ३१० शब्द.’ सुजाताचा लगेच प्रश्न, ‘बैलगाडा शर्यतीच्या पुस्तकात बैल कधी येणार गं?’
खरंय. चार दिवस नुसतं मैदान आणि धुरळा.

१८ ऑगस्ट, सोम.
बैल आला. आपला हरण्या. आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, घोडेगावच्या बाजारातून आणलेला, पुढे कितीतरी शर्यती जिंकलेला. आता म्हातारा, नुसता बसून खातो. लिहिलं : ‘आमच्या घरी बैलाला कधी काठी लागली नाही.’ कॉलेजातही मी हेच ठासून सांगायचे. मारल्याशिवाय खेळ होतो, हेच तर पुस्तकातून दाखवायचंय.
आण्णा कडबा तोडत होते, त्यांना वाचून दाखवलं. कोयता थांबला.
“काठी न्हाईच लावली. शेपटी चावायचो.”
“दातांनी?”
“मंग कशानी? गाडी सुटताना बैल उधळावा म्हनून समदेच चावायचे.”
हरण्याची शेपटी टोकाला वाकडी आहे. मला वाटायचं, जन्मापासूनच.

१९ ऑगस्ट
गटावर : ‘आज शून्य.’ सुजाता : ‘सुट्टी का?’
आईला कळलंय. “बापाचं नाव छापून काढनार व्हय? एवढं शिकवलं ते ह्याच्यासाठी?”
घरात पुस्तक लिहिणारी मी पहिली. वाचणारीही मीच. पण काठीचं ते वाक्य खोटं आहे, आणि सगळं पुस्तक त्यावरच उभं आहे...

२० ऑगस्ट, बुध.
वाक्य खोडलं. नवीन : ‘एक गाडीवान हरण्याची शेपटी चावायचा.’ पुढचे-मागचे धरून ४० शब्द. दिवसभर तेवढेच.

२१ ऑगस्ट, गुरु.
उद्या पोळा. संध्याकाळी खांदेमळणी. आण्णांनी हरण्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळली, त्याला पोळ्याचं आमंत्रण दिलं. “आज आवतन घ्या, उद्या जेवाया या.” मग हात पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत गेला. दरवर्षी जातो. मला वाटायचं, उरलेली हळद पुसतात.
“नवीन लिहिलंय,” मी म्हटलं.
“वाच.”
वाचलं. हरण्या रवंथ करत होता. आण्णा बराच वेळ बोटांची हळद धूत राहिले.
“बैलाचं नाव घातलंस. एक गाडीवान म्हंजी कोन?”
रागाने म्हणाले, की नाव घाल म्हणाले? आई दारातून बघत होती.
गटावर : ‘आज एकही शब्द नाही. एक नाव लिहायचं राहिलंय.’