निळी खुर्ची प्रत्येक खोलीत कशी?

सांबरा,
गुरुवार

प्रिय भावकूमामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे बरे आहोत. आप्पांचं डोकं तेवढं तापलेलं आहे, आणि त्याला कारण मी आहे असं घरात एकमताने ठरलं आहे. (फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोन आला की आप्पा स्पीकर लावतात आणि मग शेजारचेसुद्धा मत देतात.)

तुम्ही निपाणीच्या स्थळाचा घर दाखवणारा व्हिडिओ पाठवलात. बाकीच्यांनी तो एकदा बघितला आणि 'घर लई चांगलं हाय' म्हणून मोकळे झाले. मी मात्र नुकतीच बेळगावात कॉलेजच्या चित्रपट शिबिराला जाऊन आले आहे. तिथल्या मॅडमनी शिकवलं, की चौकटीत दिसणारी एकही वस्तू उगाच नसते. कोण मधे उभा आहे, कोण कडेला, उजेड कुणावर आहे, मागे काय ठेवलंय, यातूनच गोष्ट कळते. माणसं बोलतात ते नंतर. (शेवटच्या दिवशी चौकटीबाहेरचं काय ते शिकवणार होत्या. त्या दिवशी आपल्या भावकीतलं लग्न निघालं आणि माझा तास बुडाला.) म्हणून मी तो व्हिडिओ नीट बघितला, आणि मामा, मला झोप लागेना.

बाहेरच्या सोप्यात एक निळी प्लॅस्टिकची खुर्ची आहे, पाठीवर टॉवेल. स्वयंपाकघरातही तीच खुर्ची, तोच टॉवेल. देवघराच्या दारात पुन्हा तीच! आणि बसलेलं कोणीच नाही. म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढे पळत जाऊन कोणीतरी ती ठेवतंय. कशासाठी? मागची ओल झाकायला? दुसरं, मुलाची आई प्रत्येक वेळी कडेला, तीही अर्धीच; एक खांदा, एक कान, अर्धं कुंकू. ज्या घरात सासूला चौकटीत अख्खी जागा नाही, तिथे सुनेच्या एम.ए.ला कुठली मिळणार? तिसरं, मुलगा कॅमेऱ्यात न बघता सारखा उजवीकडे बघून मान हलवतो. तिकडून हुकूम कोण सोडतंय? हे सगळं मी आप्पांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "खुर्चीशी लगीन लावायचं हाय व्हय तुझं? पोरगं बघ की!"

शेवटी घर बघायला जाताना मी हट्टाने बरोबर गेले. (मुलीनं स्वतः घर बघायला जायचं नसतं, असं आईने निपाणी येईपर्यंत सांगितलं.) सोप्यात खुर्ची होतीच. पोहे येईपर्यंत मी ती हळूच बाजूला सरकवली. मागे ओल नाही, भोक नाही, स्वच्छ भिंत. तेवढ्यात आतून काठीचा आवाज. पोहे संपले, चहा झाला, तेव्हा कुठे मुलाचे आज्जा सुनेच्या हाताला धरून दारात पोचले.

"माझी खुर्ची कुणी हलीवली रं?" त्यांनी विचारलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "फिल्म काढायला आलीस व्हय गं? थांब जरा. मागच्या टायमाला मी हितनं खुर्चीपातूर जाईस्तोवर ह्या पोरांनी खोली संपीवली."

मुलाची आई हसली. "हात सोडला की पडत्यात बघा. म्हणून त्या व्हिडिओत मी अर्धीच आलीया."

म्हणजे मुलगा उजवीकडे बघत होता तो आज्जा कुठवर आले ते बघायला. मी खुर्ची जागेवर ठेवली. आप्पा माझ्याकडे असे बघत होते, की त्यांच्या मनातलं कळायला कॅमेऱ्याची गरज नव्हती.

पण विषय मिटला असं समजू नका. निघताना मी मुलाला स्पष्ट सांगितलं, "मला एम.ए. करायचं आहे. विचारत नाही, सांगते आहे." तो म्हणाला, "करा की. बेळगावला गाडी हाय." शब्द चांगले होते. पण बोलताना तो पुन्हा उजवीकडे बघत होता! आज्जा तर डावीकडे खुर्चीत बसले होते. उजवीकडे फ्रिजशिवाय काही नव्हतं. कानही लाल झाले होते. खरं बोलणाऱ्या माणसाचे कान लाल का व्हावेत?

तुमची भाची,
नीलम

ता. क. रविवारी आप्पा तुम्हाला होकार कळवतील. त्याआधी नवा व्हिडिओ मागवा. एम.ए.चं उत्तर मुलाने कॅमेऱ्यात बघून द्यावं, आई अख्खी दिसावी, आणि आज्जा खुर्चीत बसल्याशिवाय सुरू करू नये.

ता. क. २. व्हिडिओ आप्पांच्या फोनवर नको, माझ्या फोनवर पाठवा. मला पुष्कळदा बघावा लागेल.

ता. क. ३. मामींना सांगा, निपाणीच्या बाजारात एखादी इरकल साडी बघून ठेवा. संशय गेला म्हणून नाही. निळ्या खुर्चीशेजारी कुठला रंग उठून दिसेल, एवढंच बघायचं आहे.