सतराचा सात

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

आंधळा नको म्हणे! दोन दिवस खपून मी एक म्हातारा वैद्य तयार केला – पन्नाशीनंतर दृष्टी गेलेला, नाडीवरून आणि वासावरून रोग ओळखणारा. वैष्णवीनं तो पाच सेकंदांत बाद केला.

खेळ तिचा आहे. दर रविवारी दुपारी तिच्या शिकवणीच्या खोलीत जमतो आम्ही. प्रत्येकानं आपलं एक पात्र लिहून आणायचं, गोष्ट ती रचते, संकट आलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा तर तरलो. बबलू तिला जीएम, म्हणजे गेम मास्टर, म्हणतो. मी सूत्रधार म्हणतो, संस्कृत पाठशाळेतली सहा वर्षं अगदीच वाया जाऊ नयेत म्हणून. सख्खी भाची, पण त्या दोन तासांत मामाला सवलत नाही.

नव्या गोष्टीसाठी तिनं भिंतीवर यादीच लावली. राजा नको. अमर कोणी नको. सर्वज्ञ ऋषी नको – हा नियम खास माझ्यासाठी, मागची सगळी कोडी मीच सोडवली होती. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या पेननं: आंधळा नको.

कारण विचारलं तर म्हणाली, "मामा, माझ्या खेळात नाही म्हणजे नाही." एरवी मी छेडलं की हसते. आज हसली नाही.

शेवटी वाटाड्या घेतला. लांबचं पाहणारा!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

एक डोळा झाकून पाहिलं, मग दुसरा. कॅलेंडरवर तारखा आहेत. डाव्या कडेची वारांची नावं नाहीत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

एका कारखान्याच्या बातमीसाठी लोहाऱ्याला गेलो होतो, मोटारसायकलवर. परतताना वळणावर डाव्या हाताला एक बाई होती. होती म्हणजे, गाडीचा आरसा तिच्या काखेतल्या भाऱ्याला घासला तेव्हा झाली. त्याआधी तिथे रस्ता होता फक्त.

"दिसत नाही काय बाबा तुले?" ती म्हणाली.

तीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरतो आहे. इतका नेमका प्रश्न मला कधी सुचला नाही.

अर्धा तास गाडी लावून उभा होतो. घरी साधनाला सांगितलं, ब्रेक ढिले झालेत, आता काही दिवस एसटीनं जाईन. बायकोशी खोटं बोलायला ब्रेक बरे पडतात.

आईचंही असंच कडेकडेनं सुरू झालं होतं. शेवटची आठ वर्षं ती आम्हाला चेहरे चाचपून ओळखायची. काचबिंदू. रक्तातून उतरतो, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. मी ते ऐकलं, आणि आईच्या कागदांबरोबर कपाटात ठेवून दिलं.

म्हणून तो वैद्य हवा होता. चार माणसांत, परक्या नावानं, जरा सराव झाला असता. न बघता दार कसं शोधायचं, माणूस कसा ओळखायचा. चुकलो असतो तर लोक हसले असते – वैद्याला.

भीती वाटते. लिहिलं की कमी होते म्हणतात. लिहून पाहिलं.

रविवार, ९ नोव्हेंबर

बबलूचा तलवारबाज मारला मी.

बबलूचं बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. आठ महिने त्यानं ते पात्र जपलं. नाव घनश्याम, त्याच्या आजोबांचं. आज घनश्याम दरीवर लोंबकळत होता आणि दोर माझ्या वाटाड्याच्या हातात. दहाच्या वर काहीही पुरे होतं. फासा टाकला.

आमच्यात एक रीत आहे: ज्याचा फासा त्यानंच वाचायचा. दुसऱ्यानं वाकून पाहायचं नाही, तो अपमान. मी म्हणालो, "सात." वैष्णवीनं दोर सुटल्याचं जाहीर केलं. घनश्याम गेला.

मग बबलू फासे गोळा करायला वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

"काका, हे सतरा आहे."

त्यानं आकड्यावर बोट ठेवलं.

"लोकं खोटं बोलते तं जास्त सांगते. तुम्ही कमी काहून सांगतलं? मले मारायले?"

म्हणालो, हो, गोष्टीत जरा रंगत यावी म्हणून. त्यानं आपला कागद घडी करून खिशात घातला आणि गेला. दगाबाज ठरलो. ठरू दे, दुसरं जे ठरलं असतं त्यापेक्षा हे बरं.

वैष्णवी फाशाकडे पाहतच नव्हती. माझ्याकडे पाहत होती.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

साधनानं विचारलं, बबलू बाजारात तोंड फिरवून गेला, काय केलं तुम्ही? खून, म्हणालो. "भाजी निवडा," म्हणाली. हातांनी चाचपून निवडली. जमते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

वैष्णवी संध्याकाळी आली. चहा नको म्हणाली. टेबलावर फासा ठेवला. "वाचा."

"नऊ."

तिनं तो फिरवला. "वाचा."

"चार."

एकोणीस होते, मग चौदा. ती खुर्चीत बसली. किती दिवस झाले, मामीला माहीत आहे का, सगळं विचारलं. सूत्रधारानं नटाची एवढी उलटतपासणी करू नये, म्हणालो. हसली नाही. उद्या यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. साधनाला तिनंच सांगितलं, स्वयंपाकघरात, दार लोटून.

बबलूलाही आपला संशय सांगून आली होती. त्यानं घडी घातलेला कागद परत उघडला म्हणे. मग म्हणाला, "काकाचा फासा आता मी वाचीन."

मी विचारलं, मग आता तरी माझा वैद्य घेणार का?

"नाही," ती म्हणाली. आवाज चढला होता. माझ्यावर चढवायचं काही कारण नव्हतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दवाखान्याच्या खिडकीवर वैष्णवीनं दोन केसपेपर काढले. दुसरा कोणाचा, विचारलं.

"माझा. मलेबी कडेचं दिसत नाही, मामा. उन्हाळ्यापासून. तो नियम तुमच्यासाठी नव्हता."

तुझ्या कोणत्या बाजूला बसू, एवढंच विचारलं.