सापडले तर आधी चौकी गाठा

नाही, माझी तब्येत बिघडलेली नाही. डोकंही फिरलेलं नाही. सुनेशी वाजलं म्हणून रागाच्या भरात लिहायला बसले, असंही नाही. वकील म्हणतात, "बाई, मी यातलं काहीच विचारलं नाही." तुम्ही नाही विचारलं, पण वाचणारे विचारतील आणि तेव्हा उत्तर द्यायला मी नसेन. म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

तर मी, या गादी कारखान्याची मालकीण, वय सत्तरीपुढे, शिक्षण चौथी, तीही अर्धी, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने माझ्या मागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते लिहून ठेवते. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिलाय. गेल्या महिन्यापासून त्यांनी माझी नाडी दोनदा पाहिली, एकदा मेलेली समजून आणि एकदा या कागदासाठी. दोन्ही वेळा चालू सापडली. याआधी केलेली सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत, असं वकिलांनी घालायला लावलंय. याआधी मी एकही केलेलं नाही. तरी रद्द.

पहिलं कलम, राहती जागा. कारखान्यावरच्या दोन खोल्या, मोरी आणि गच्चीचा जिना सुनेला. माझ्या हातातल्या बांगड्याही तिलाच. ती माझ्याशी गोड वागते म्हणून नव्हे, गोड ती कोणाशीच वागत नाही. पण त्या दिवशी ती एक वाक्य बोलली, त्याचं हे बक्षीस. वाक्य पुढे येईल.

दुसरं कलम, भाऊजी. म्हणजे माझे दीर. यांना माझी स्वतःची गादी द्यावी, जिच्यावर मी इतकी वर्षं झोपते ती. त्यांना ती चांगली माहीत आहे.

झालं असं होतं. आमचे हे होते तेव्हा एका सकाळी मागच्या शेडमध्ये, तयार गाद्यांच्या थप्पीवर, एक परका माणूस मेलेला सापडला. कडी मोडकी होती, थंडीचा आत येऊन झोपला असावा आणि झोपेतच गेला. भाऊजी म्हणाले, "दादा, भिंतीपलीकडे इस्त्रीवालीचं अंगण आहे. उचलून तिकडे ठेवू. सापडायचा तो तिथेही सापडेल."

हे म्हणाले, "सापडला आपल्याला. कळवायचं आपणच."

"अरे, कळवणाऱ्यालाच बसवून ठेवतात. जबाब दे, पंचनामा कर, कारखाना बंद ठेव. आणि उद्या आपल्या गादीवर झोपेल कोण?"

"तो झोपलाच ना," हे म्हणाले आणि चपला घालून चौकीवर गेले.

भाऊजींचं सगळं खरं ठरलं. यांना बसवून ठेवलं, कारखान्याला टाळं लागलं, आणि नंतर गिऱ्हाईक यायचं ते प्रत्येक गादी दाबून विचारायचं, "यावर तर नव्हता ना?" दुसरा कोणी असता तर नाही म्हणून विकत बसला असता. हे बोट दाखवायचे, "यावर नव्हता, त्या तिकडच्या गादीवर होता." मग दोन्ही राहायच्या. भाऊजी कपाळावर हात मारून घ्यायचे.

पण त्या माणसाची बहीण आली होती. चौकीवाल्यांनी शोधून काढली. दवाखान्या-दवाखान्यांतून विचारत फिरत होती बिचारी. म्हणाली, "जागा दाखवता?" दाखवली. गादीवर हात फिरवला, म्हणाली, "मऊ आहे. बरं झालं." आणि गेली. त्या दिवसापासून मला एवढंच समजतं की मेलेल्या माणसासाठी कुठेतरी कोणीतरी दार उघडं ठेवून बसलेलं असतं. आपण तोंड बंद ठेवलं, की ते दार तसंच राहतं. यात अक्कल लागत नाही, शिक्षण लागत नाही. पायात चपला घालाव्या लागतात, बस.

ती गादी कोणी घेतली नाही म्हणून मी घेतली. पाठीला तिच्यासारखी दुसरी नाही. आता भाऊजींनी घ्यावी आणि तिच्यावर पडून विचार करावा.

इथे वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात गोष्टी सांगत नाहीत." म्हटलं, मग कधी सांगू, मेल्यावर?

तिसरं कलम, कारखाना. म्हणजे पिंजण यंत्र, शिलाईच्या दोन मशिनी, गज, कात्र्या, दाभणं, खोळींचं कापड आणि दारावरची पाटी. हा मुलाला द्यायचा होता. म्हणजे द्यायचा आहे. पण सरळ नाही. ते समजायला गेल्या महिन्यातली दुपार सांगावी लागते. थोडक्यात सांगते, मला लांबण लावलेली आवडत नाही.

हॉटेलच्या गाद्यांचं काम निघालं होतं. वाकून टाके घालता घालता पाठीत उसण भरली. तयार गादीवर उताणी पडले आणि तोंडावर ओलं फडकं घेतलं. कापसाच्या कारखान्यात सगळेच घेतात, नाहीतर नाकात तंतू जातात. पंखा डोक्यावर, पाय उघडे. हलता येईना म्हणून हलले नाही.

मुलगा दारात आला. "आई." एकच हाक. टेम्पोची किल्ली मागायला आला असेल, दुसरी हाक मारली की ओ देऊ, म्हणून गप्प राहिले. दुसरी हाक त्याने मारलीच नाही. कापड मोजायच्या गजाने माझ्या तळव्याला टोचून पाहिलं. स्वतःच्या आईला, गजाने! मग बोट लावलं, पाय थंडगार. तसाच मागे सरकत बाहेर गेला. मधल्या दाराला फट आहे, मला सगळं ऐकू येत होतं.

"अगं, आई गेली वाटतं."

"वाटतं म्हणजे? नीट बघितलंत का?" सून म्हणाली. हेच ते वाक्य. खोल्या आणि बांगड्या यासाठी.

"तूच बघ जा."

"मी कशाला? आई तुमची."

"कारखान्यात गेली म्हणजे आता चौकीवर कळवायला हवं."

"कळवा की."

"कळवलं की टाळं लागतं. काकांनी सांगितलंय सगळं. आणि उद्या हॉटेलच्या गाद्या जायच्यात."

म्हटलं, ऐकू तरी पुढे काय करतात, म्हणून मी तशीच पडून राहिले. मग मुलाने काकाला, म्हणजे भाऊजींना, हाक मारली. "काका, आईला चहा हवाय का बघता जरा?"

पाहिलंत? स्वतः पाहून आलेला माणूस, पण सापडायची मी दुसऱ्याला. भाऊजी आत आले. उभे राहिले. यांचा भाऊ आहे, श्वास सोडतानाही तसाच आवाज येतो नाकातून. मग बाहेर जाऊन म्हणाले, "छान झोपलीय. कोणी उठवू नका."

"झोपलीय?" मुलगा म्हणाला.

"गाढ. तू नाही पाहिलंस?"

"मी? मी आत गेलोच नाही."

तिघांनी बसून चहा घेतला. तिघांना माहीत, आणि तिघं एकमेकांना साखर विचारतात. मला हसू फुटत होतं, पण हसले की पाठीत कळ यायची.

मग भाऊजींना सुचलं. "अभ्रे इस्त्रीला द्यायचेत ना? तिला म्हणावं वहिनींनी आत बोलावलंय."

ही भिंतीपलीकडची इस्त्रीवाली म्हणजे माझी जुनी वैरीण. आमच्या खिडकीतून कापूस उडतो आणि तिच्या इस्त्रीच्या कपड्यांवर बसतो, यावरून आमचं बोलणं कधीच बंद झालंय. बंद म्हणजे, भांडण्यापुरतं चालू. ती आली ती दारातूनच सुरू झाली, "आता बोलावणी धाडायला लागलीस होय? मोठी महाराणी! अगं तुझ्या कापसाने..."

आणि थांबली. पायाला हात लावला. अशी किंचाळली, की रस्त्यापलीकडचा सायकलवाला दुकान टाकून पळत आला. 

"ओरडू नका हो," भाऊजी म्हणाले. "आधी घरच्यांत ठरवू द्या."

"घरच्यांत काय ठरवताय? मेली की नाही, यावर मत घेणार आहात का?" आणि गेली. इस्त्री चालू टाकून, पदर खोचून, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची. जाता जाता डॉक्टरांच्या दवाखान्यात ओरडली, पुढे चौकीवर. रस्ताभर "गादीवाली गेली हो" चालूच होतं. मला सोहळे आवडत नाहीत, आणि माझ्याच नावाने एवढी गर्दी गोळा केली या बाईने. पण मेलेल्या माणसासाठी एकदा तरी कोणीतरी एवढं करावं. तेवढा एक सोहळा मला चालतो.

डॉक्टरांनी फडकं काढलं. मी म्हटलं, "पाठीवर काही मलम आहे का?"

हवालदार चिडला. "जिवंत आहेत तर मला बोलावलं कोणी? खोटी खबर दिली म्हणून तुझ्यावरच लिहू का?"

इस्त्रीवाली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मेलेली वाटली तर कळवायचं. जिवंत निघाली तर घरी जायचं. यात खोटं काय? मी काय नाडी बघायला शिकलेय?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू! ओ द्यायला काय झालं होतं? एक शर्ट जळला माझा तुझ्यापायी."

हवालदाराने माझ्या मुलाला विचारलं, "तुम्ही केव्हा पाहिलं?"

"मी आत्ताच आलो," तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. आजपर्यंत नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय.

म्हणून तिसऱ्या कलमाची अट. मी खरोखर जाईन तेव्हा मुलाने नीट बघावं. दोनदा हाक मारावी, मोठ्याने. तोंडावरचं फडकं काढावं. गज वापरू नये. आणि गेलेच आहे अशी खात्री झाली की चहाचं आधण न ठेवता, कोणाला आत न पाठवता, स्वतः डॉक्टरांना सांगावं आणि चौकीवर जाऊन स्वतःच्या नावाने जबाब द्यावा की मला सापडली, मीच पाहिली. कारखान्याला टाळं लागलं तर लागू द्यावं. तसं केलं तर कारखाना त्याचा, यंत्रासकट, पाटीसकट. त्याला सापडायच्या आधी दुसऱ्या कोणाला सापडले, तर त्यात त्याचा दोष नाही, तरीही त्याचा. पण पाहिलं आणि गप्प बसला, तर कारखाना इस्त्रीवालीचा.

वकील म्हणाले, "अशा अटीने मुलगा रोज तुमच्या तोंडावरचं फडकं काढून बघत बसेल." बसू दे. मी हे कलम त्याला वाचून दाखवलंय, फक्त कलम, वरची गोष्ट नाही. तेव्हापासून सकाळी उठल्याबरोबर येतो, "आई, आई," दोनदा. मी ओ देते. कटकट आहे, पण वाईट नाही.

इस्त्रीवालीला विचारलं तर म्हणाली, "मला नको बाई तुझा कारखाना, नाकात कापूस जातो." नको असला तरी तिचं नाव ठेवलंय. त्याच्या डोक्यावर कोणीतरी हवं. तिला मात्र एक गोष्ट बिनशर्त: तिच्या बाजूची आमची खिडकी मुलाने विटा लावून बंद करून द्यावी. माझ्या हयातीत मी ती बंद करणार नाही, तेवढा मान मला राहू दे. तिला साक्षीदार म्हणून सही करायची होती, पण जिला काही मिळतं तिला साक्षीदार होता येत नाही, असं वकील म्हणतात. त्यावरून ती आता वकिलांशी भांडतेय.

उरलेलं सामान, भांडी, पेटी, सून ठरवेल. मागे भाषणं नकोत, फोटो मोठा करून लावू नये, माझा कुठलाच फोटो बरा आलेला नाही.

आता वकिलांचा शेवटचा प्रश्न, आणि हा त्यांनी खरंच विचारला: एवढं सगळं ऐकूनही मुलाला कारखाना का?

इस्त्रीवालीला बोलवायला भाऊजी बाहेर पडले, सून कपबशा विसळायला गेली, तेव्हा मुलगा परत आत आला होता. एकटा. दार लोटून घेतलं, गादीच्या कडेला बसला. माझा लोंबणारा हात उचलून माझ्या पोटावर ठेवला, आणि फडक्यावरूनच माझ्या कानाशी वाकून काहीतरी बोलला. मग उठला. चौकीकडे जायला उठला की बाहेर जाऊन बसायला, मला दिसलं नाही, आणि तेवढ्यात ही किंचाळायला आलीच. तो जे बोलला ते ऐकलं नसतं तर कारखाना तेव्हाच हातचा गेला होता त्याच्या. ऐकलं म्हणून अटीवर आला. हे वाचल्यावर त्याला कळेल की आईने ऐकलं होतं. त्याला कळलं की झालं.

सही, माझीच, पाठ धरलेली असताना केलेली, म्हणून तिरकी.

साक्षीदार पहिला: हवालदार. या वेळी खरंच कामासाठी बोलावलंय म्हणून खूश आहे.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर.

ठिकाण: कारखान्याची मागची खोली, मधलं दार बंद करून, फटीत बोळा कोंबून.

तारीख: वकिलांनी घालावी, त्यांना अक्षर दाखवायची हौस आहे.

डॉक्टरांनी सही करता करता हळूच विचारलं, "काय म्हणाला हो तो कानात?" हवालदारही पेन धरून थांबलाय. वकील म्हणतात, निदान थोडक्यात लिहा, वाचणाऱ्याला चुटपुट लागेल. लागू दे. सांगणार नाही.