चंदेरी बाजू आत

बारामती,
३ फेब्रुवारी १९५७

प्रिय शरयू,

तुझ्या यजमानांच्या सिगारेटच्या पाकिटांतले चंदेरी कागद पोचले. इतक्या जपून सरळ करून पाठवलेस, तरी पोच द्यायला उशीर झाला. शाळेतून आल्यावर हल्ली हात उचलवत नाही. थंडी ओसरते आहे, आबांचा कोबी बाजारात जातो आहे, बाकी सगळं तसंच.

कपाळावरची माझी पांढरी बट तुला ठाऊकच आहे. वसतिगृहात तू तिला ‘बी.ए.ची पदवी’ म्हणायचीस. इथे तिला कुणी पदवी म्हणत नाही. सुप्याची मंडळी मला बघायला येणार असं ठरलं आणि आईने त्या बटेचा ध्यास घेतला. सगळ्या डोक्याला मेंदी लावली तर काळे केसही तांबूस दिसतील, म्हणून फक्त बटेला लावायची आणि ती वेगळी गुंडाळून ठेवायची. पण कशात? धोंडाबाई शेजारून एरंडाचं पान घेऊन आल्या. “तव्यावर वाईच शेकायचं, मऊ पडतंय.” ते मऊ पडलं आणि घसरून मानेवर आलं. आईने केळीचं पान घेतलं, ते शिरेशिरेवर फाटलं. मग वाण्याकडून चहाच्या खोक्यातला जाड पत्रा आणला. तो बटेवर ताठ उभा राहिला. आबा दारातून म्हणाले, “पोरीच्या डोस्क्यावर पन्हाळ बसवलं व्हय गं?” त्या दिवसांत मी तेवढंच हसले.

तेवढ्यात तुझं पाकीट आलं. पुण्याच्या कॅम्पातल्या केस रंगवणाऱ्या बाईंनी तुला शिकवलेलं तू लिहिलं होतंस, ते तसंच मी आईला वाचून दाखवलं: कागद पातळ हवा, दुमडला की दुमडलेलाच राहणारा, आणि चंदेरी बाजू आत. आईला सगळं पटलं, शेवटचं सोडून. “सुलट बाजू कुनी आत घालतं व्हय? लुगड्याचे जरीचे काठ बी भाईरच असत्यात.” मी वह्या तपासत होते, मान तिच्या हातात होती, वाद घालायचं त्राण नव्हतं. तिने चंदेरी बाजू बाहेर ठेवून बट गुंडाळली. आतल्या साध्या कागदाने मेंदीचं सारं पाणी पिऊन टाकलं, मेंदी वाळून कडक झाली. काळपट तांबडी व्हायची ती बट गाजरासारखी निघाली. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारलंच, “बाई, यंदा रंगपंचमी आदीच?”

मंडळी आली तेव्हा आईने माझा पदर भुवयांपर्यंत ओढला होता. मुलगा, जोतीराम, कालव्याच्या कामावर आहे. माणूस वाईट वाटला नाही. चहाची बशी घेताना त्याने ती बट पाहिली आणि किंचित हसला, चिडवल्यासारखं नव्हे. बोलले सगळं त्याचे चुलते, आप्पासाहेब. “केसाचं काय न्हाय हो, पदराखाली झाकतंय. पोरगी पसंत हाय आमाला. फकस्त साळा सोडावी लागंल. आमच्यात बायका नोकरी करत न्हाईत.” जोतीराम तेव्हा जमिनीकडे बघत होता. मी वाट पाहिली, शरयू. त्याने मान वर केली नाही.

ज्या गोष्टीसाठी आम्ही गावातली पानं पालथी घातली, तिच्याकडे कुणी नीट पाहिलंही नाही. माझ्या सातवीतल्या मुलींचे वडील मला तोंडावर सांगतात, बाई शिकवायला आहेत म्हणून पोरीला धाडतो. मी गेले की त्या मुली खुरपं घेऊन शेतात जातील, हे मला स्वच्छ दिसतं. आईलाही दिसतं. पण तिला त्याआधी दिसतं ते असं, की हे स्थळ गेलं तर या बटेच्या, या वयाच्या, शिकलेल्या मुलीला पुन्हा कुणी विचारणार नाही. भाजीच्या पाट्या वाहून तिच्या टाळूवरचे केस कधीच विरळ झालेत. माझ्या केसांवरून हात फिरवताना ती काय म्हणत असते ते मला कळतं, म्हणून तिच्याशी भांडताही येत नाही. नुसती दमून जाते.

माघी पौर्णिमेला त्यांना उत्तर द्यायचं आहे. माझं उत्तर ठरलं आहे. आईचा मात्र तुझ्यावर भारी विश्वास, म्हणून आज दुपारी तिने तुला पत्र घातलं. घरात लिहिता येणारी मी एकटी, तेव्हा ते मलाच लिहावं लागलं. सोबत आहे ते. “शरयूबाई, माझ्या लेकीची समजूत घाला, ती तुमचं ऐकंल,” हे तिने सांगितलं तसं माझ्याच अक्षरात आहे. एकही शब्द मी गाळलेला नाही. तिने खाली अंगठा उठवला आणि मला म्हणाली, “बरुबर लिवलंस न्हवं?” मी हो म्हटलं. तुझं उत्तर आलं की तेही तिच्या शेजारी बसून मीच वाचीन, आणि तेव्हाही एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही. म्हणून आधीच तुला हे लिहिते आहे. माझी समजूत घालू नकोस, शरयू. तिची घाल.

वाट बघणारी, तुझीच,
सारजा