दोन्ही कान शाबूत

लिहून ठेवणार मी, गुणाजी मोरू खरीवले, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त कामगार, राहणार वरसे, तालुका रोहा, जिल्हा रायगड. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणाचा धाक नाही. माझी बुद्धी शाबूत आहे, डोळे चष्म्यापुरते शाबूत आहेत आणि दोन्ही कान पूर्ण शाबूत आहेत. हे शेवटचे वाचून घरात गडबड उडेल, म्हणून आधी त्याचा खुलासा करतो.

मी बहिरा नाही. कधीच नव्हतो. कंपनीत कॉम्प्रेसरशेजारी अठ्ठावीस वर्षे काढली तेव्हा डॉक्टरने डाव्या कानापुढे ‘थोडे कमी’ असे लिहिले, तेवढाच काय तो आधार. निवृत्त होऊन घरी बसलो आणि माझी पत्नी इंदुबाई हिने सकाळपासून हाका सुरू केल्या. नारळ सोला, दळण आणा, कौले बघा. आठ दिवसांत मला ऐकू येईनासे झाले. थाप पंधरवडाभर चालवायची होती, ती चौदा वर्षे चालली.

इंदूने मला पकडण्यात कसर सोडली नाही. एकदा मागून हळूच म्हणाली, “तुमच्या मानेवर पाल हाय.” मी हललो नाही. पाल खरोखरच होती. एकदा माझ्यासमोर बसून, “घावनं केलीत, पन यांना ऐकू येत नाय, तर मीच खाते,” म्हणत तिने सात घावने एकटीने संपवली. पुढे ती माझ्या डाव्या बाजूला बसून मनातले बोलू लागली. “पेनला बहिनीकडं जावंसं वाटतं, पन सांगू कुनाला?” असे एका संध्याकाळी म्हणाली. सकाळी मी म्हटले, “पेनात माझं काम हाय, चल.” एसटीत तिने विचारले, “काय काम हाय वो?” मी म्हटले, “आं?” पन्नास वर्षांच्या संसारातली ही शेवटची चौदा सर्वांत मजेची गेली. आता मिळकतीकडे वळतो.

एक. वरशाचे घर मी माझ्या कमाईतून बांधलेले आहे. ते माझ्यामागे मुलगी मालू हिला द्यावे. आईच्या दहाव्या दिवशी मालू माझ्या पानात भात वाढता वाढता भावाला म्हणाली, “आईच्या जागी बाबा गेले असते तर बरं झालं असतं.” मलाही तसेच वाटते. इतके खरे बोलणाऱ्या माणसाच्या हातात घर असावे. मालू, रडू नकोस. मला राग आलेला नाही.

दोन. गागोदे बुद्रुककडच्या भातशेतीतला माझा हिस्सा मुलगा कमळाकर याला. तो सध्या माझ्याकडे राहतो. रोह्यात त्याचा ब्लॉक तयार होत आहे. माझ्यासमोर खुर्चीत बसून तो फोनवर म्हणाला, “त्यांना काय, ऐकू तर येत नाही. इथं राहिले काय नि आश्रमात राहिले काय.” हे मला लागले. शेत तरीही त्यालाच. मात्र भात निघाल्यावर वाल त्याने स्वतः पेरावेत, आणि एक अख्खा दिवस बांधावर एकटे बसावे, कोणाशी एक शब्द न बोलता. याहून वेगळी शिक्षा नाही.

तीन. शेजारी पोपट याने कुंपणापाशी उभे राहून मला हसून हात केला आणि बायकोला सांगितले, “म्हातारा गेला का कुंपन दोन हात पुढं घेऊ.” मी सरकारी मोजणी करून दगड रोवून घेतले आहेत. कुंपणालगतच्या शेवग्याच्या शेंगा पोपटने खुशाल खाव्यात. झाड आमच्या हद्दीतच राहील.

चार. माझे पान्हे, लहानमोठे एकोणीस, गावच्या पाण्याच्या पंपावर द्यावेत. तिथला व्हॉल्व्ह वर्षभर गळतो आहे. मला इथे ओटीवर ऐकू येतो.

ऐकायला दुसरे फारसे काही राहिलेले नाही. इंदू गेल्यापासून माझ्याशी कोणी बोलत नाही. जेवण तयार झाले की हात तोंडाकडे नेऊन दाखवतात, आंघोळीला तांब्या दाखवतात. फोन आला तर माझ्या हातात देत नाहीत. दोष त्यांचा नाही. तोंड उघडून एकदा सांगितले असते तर सगळे मिटले असते. पण डाव दोघांचा होता, तो एकट्याने मोडवेना. शिवाय मी सगळे ऐकले हे कळल्यावर पोरे शरमेने माझ्यासमोर बसणार नाहीत, ही भीती आहे. निदान आता बसतात तरी.

पाच. कानाचे मशीन. ते कमळाकरने मोठ्या हौसेने आणले होते. त्यातला सेल दर रविवारी इंदू बदलायची, मला हात लावू देत नसे. मशीन कानात घालून मी “आता जरा बरं ऐकू येतं” म्हणायचो आणि ती तोंडाला पदर लावायची. तिचे बारावे झाल्यावर मी ते पहिल्यांदा उघडले. सेलच्या जागी अख्ख्या मसुरीचा एक दाणा होता. दाणा नवा होता, किडलेला नव्हता. म्हणजे तिला सगळे ठाऊक होते, आणि दर रविवारी ती दाणासुद्धा बदलत होती.

मी दोन दिवस हसलो. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट आठवली आणि हसू गेले. जायच्या चार दिवस आधी, दुपारी, पडल्या पडल्या तिने माझ्या डाव्या कानाशी विचारले होते, “मी गेल्यावर करमंल का वो तुमाला?” मी सवयीने म्हटले, “चहा? ठेवतो की.” ती हसली, खोकली, चहाचे दोन घोट प्याली. पुन्हा विचारले नाही. तिने बहिऱ्याला विचारले, उत्तराची तिला अपेक्षा नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली होती. तसे नव्हते. तिने ऐकणाऱ्या माणसाला विचारले होते आणि ती वाट बघत होती.

मशीन दाण्यासकट माझ्याबरोबर चितेवर ठेवावे. सेल नसल्यामुळे फुटणार नाही. तिला उत्तर द्यायचे राहिले, ते दोन साक्षीदारांसमक्ष इथे लेखी देतो. हे मृत्युपत्र करण्याचे खरे कारण तेवढेच आहे.

नाय करमत गो इंदू. एक दिवस पन नाय करमलं.

स्थळ: वरसे, ता. रोहा
दिनांक: १४ मार्च २०१९

सही: गुणाजी मोरू खरीवले

वरील मजकूर आम्ही लिहून ठेवणाऱ्यांना साध्या आवाजात वाचून दाखवला. त्यांनी तो सर्व ऐकला व आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. हैबतराव दळवी, निवृत्त कामगार, रोहा
२. सीताबाई म्हसकर, वरसे