ओव्हनला दिवा कशाला हवा

२ जून, सोमवार
डॉक्टर म्हणाले, गोळी घेतली की वहीत लिहीत जा. गोळी घेतली.
पान मोकळं राहतंय म्हणून पुढचं लिहिते. नातीचा ओव्हन बंद पडला. ऑफिसातून आली की केक, सुट्टी असली की केक. त्या डब्याने किती सोसायचं? कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या बाईंनी तिचा साधा केक चाखायला मागितलाय. चौदा तारखेला येणार. आवडला तर रोज घेतील, मग ही नोकरी सोडणार. म्हणजे ओव्हन नीट बघूनच घ्यायला हवा. मी जातीने जाणार. या घरात वस्तूंची पारख मलाच आहे.

३ जून
गोळी घेतली. दुकानात गेलो. नातीला मोठ्या काचेचा, आत दिवा असलेला ओव्हन हवा होता. मी म्हटलं, आत दिवा कशाला, केकला अभ्यास करायचाय का? आणि काच म्हणजे आज ना उद्या फुटणार. मी सगळ्यांची दारं उघडून लावून पाहिली. एकाचं दार असं दणकट, की लावलं तेव्हा शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. तोच घ्यायला लावला. काळंभोर दार, आतलं काडीचं दिसत नाही. नात म्हणाली, आजी, नक्की ना? मी म्हटलं, इतकी वर्षं घर चालवलंय ते काय डोळे मिटून?

५ जून
पहिला केक. नात म्हणाली, भाजताना मधे दार उघडू नकोस हं. मी बरं म्हटलं. बरं म्हणजे हो, असं काही नाही. ती आंघोळीला गेल्यावर फक्त दोनदा पाहिलं. झाकण उचलून पाहिल्याशिवाय मी जन्मात काही शिजवलं नाही. माझं कधी बिघडलं का?
केक मधोमध बसला. जुन्या गादीला पडतो तसा खड्डा. दोष मिक्सरचा. तो हातात धरायचा मिक्सर म्हणजे नुसती गुणगुण.
गोळी घेतली.

७ जून
मी मागे लागून स्टँडवरचा मिक्सर आणवला. वजनदार आहे, गरगर फिरतो, सुनेपेक्षा कमी बोलतो. आता बघा, म्हटलं.
केक बसला. आज दार दीड वेळाच उघडलं होतं. दुसऱ्यांदा उघडत होते तेवढ्यात सून आली, म्हणून अर्धं.
दोष वजनकाट्याचा. जुना झालाय, मैदा कमी-जास्त दाखवत असणार.

९ जून
नवा काटा आला. काचेचा, चपटा, आकडे हिरवे. त्यावर माझी कवळी ठेवून पाहिली, नात ओरडली.
केक बसला.
नातीने विचारलं, आजी, तू दार उघडलं होतंस का? मी म्हटलं, मी? मी तर बाहेर मटार सोलत होते. मटार सकाळीच संपले होते. तिने टोपलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.
गोळी घेतली. पाण्याशिवायच गेली घशाखाली. पाणी स्वयंपाकघरात होतं आणि तिथे ती होती.

१० जून
बाथरूमचा नळ बराच वेळ चालू होता. नात बाहेर आली तेव्हा नाक लाल. सुनेला म्हणत होती, आई, मशिनं सगळी बदलून झाली, आता माझाच हात बिघडलाय. कॉफीवाल्या बाईंना नको म्हणून कळवते. सून म्हणाली, थांब जरा, आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी पंख्याकडे पाहिलं. पुसायला झालाय.
मी काही केलेलं नाही. नुसतं पाहिलं. पाहिल्याने काय होतं?

११ जून
कवळी घासत होती म्हणून दातवाल्याकडे गेले. बराच वेळ बसवून ठेवलं. घरी आले तर टेबलावर केक. टम्म फुगलेला, वर सोनेरी, खड्ड्याचं नाव नाही. तोच ओव्हन, तोच मिक्सर, तोच काटा.
हवा बदलली असेल. आज उकाडा कमी होता.
सगळ्यांनी दोनदोन तुकडे खाल्ले. सून म्हणाली, आई, घ्या ना. मला गिळवेना. कवळी टोचते म्हणून सांगितलं. कवळी टोचत नव्हती.

१३ जून
गोळी घेतली. लिहून ठेवते म्हणजे मोडता येणार नाही: उद्या केक ओव्हनमध्ये असेपर्यंत मी स्वयंपाकघरात पाऊल टाकणार नाही.

१४ जून
बाहेरच्या खोलीत बसले. हात मांडीखाली दाबून. मग वास आला. करपल्यासारखा वाटला. नात बाहेरचं दार उघडायला गेली होती, बाई आल्या होत्या. अशा वेळी घरात मोठं माणूस कशासाठी असतं? एकदाच. अगदी बोटभर फट.
करपलं नव्हतं. शेजारच्यांकडून वास येत होता.
बाईंनी कडेचा तुकडा खाल्ला. म्हणाल्या, कड छान झालीये. मधलं ताटलीतच राहिलं. पुढच्या शनिवारी परत येते म्हणाल्या, पण नातीने भरून ठेवलेला केकचा डबा जाताना नेला नाही. नात मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, उलट बोलता आलं असतं.
गोळी राहिली.

१५ जून
नात म्हणाली, चल आजी, ओव्हन बदलायचाय. मला वाटलं, बघा, शेवटी माझ्या पारखीवाचून अडलंच. नवी साडी नेसले.
तिने मोठ्या काचेचा दाखवायला सांगितला, दिव्याचा. मग म्हणाली, दाराला लहान मुलांसाठीचं लॉक असलेला हवा. दुकानदाराने विचारलं, घरात लहान मूल आहे का? ती म्हणाली, हो. तो म्हणाला, फार हट्टी आहे का हो? ती म्हणाली, नाही, गुणी आहे तसं, पण पाहिल्याशिवाय राहवत नाही.
मी म्हणणार होते, अगं, आपल्या घरात लहान मूल कुठलं? तोंड उघडलंही होतं. मग मिटलं.
दुकानदार वायर गुंडाळत होता. फार मन लावून गुंडाळत होता.

२१ जून, शनिवार
नातीने ओव्हनसमोर स्टूल ठेवलं. म्हणाली, बस इथे. बसले. आत दिवा लागलेला. केक वर येताना अगदी स्वच्छ दिसत होता. बाई यायच्या होत्या.
तरी एकदा दार ओढून पाहिलं. उघडलं नाही.
गोळी घेतली.